गंभीर आजाराचं निदान झाल्यावर: आधी पगार सांभाळा, मग पैसे उभे करा

एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या पतींना दहा दिवसांपूर्वी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं निदान झालं. वय ४६. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया आहे, नंतर केमोथेरपी लागेल असं डॉक्टर म्हणाले आहेत. घर मुख्यतः त्यांच्या पगारावर चालतं, ताई अर्धवेळ नोकरी करतात, दोन मुलं शाळेत आहेत, गृहकर्जाचे हप्ते चालू आहेत. पती म्हणतात, "कामावर कुणाची अडचण नको, राजीनामा देऊन टाकतो." दीर म्हणतात, "घर विकायला काढा, पैसा हाताशी हवा." विमा आहे, पण त्यात काय बसतं हे घरात कुणी वाचलेलं नाही. सुरुवात कुठून करू, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, मी गेली २४ वर्षं रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका आहे. तुमचं पत्र वाचताना सगळ्यात आधी मनात आलं ते हे: राजीनामा देऊ देऊ नका. बाकीचं सावकाश पाहू. लिहून ठेवला असेल तर फाडा. देऊन झाला असेल तर मागे घेता येतो का ते आजच्या आज विचारा. स्वीकारल्याचं पत्र अजून हाती पडलेलं नसेल तर पुष्कळदा घेता येतो.

एवढ्या घाईनं सांगायला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. हिशेब विभागात अठरा वर्षं नोकरी, कधी एक दिवस उशीर नाही. निदानाच्या चौथ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला, तोही निव्वळ सभ्यपणापोटी: आपण आता महिनोन्‌महिने येणार नाही, मग जागा अडवून कशाला बसायचं. निरोपसमारंभसुद्धा झाला. दुसऱ्या केमोच्या वेळी विमा कंपनीनं कळवलं की कामाच्या शेवटच्या दिवशीच तुमचं संरक्षण संपलं. विमा नोकरीतल्या गट पॉलिसीचा होता. नोकरीबरोबर तोही गेला. आणि निदानाचा कागद हातात असलेल्या माणसाला नवीन विमा कोण देणार? समोर बसून ते पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "मला कुणी सांगितलं नाही." खरंच कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून निदान घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या पाच मिनिटांत हे सांगते.

नोकरीला काय काय बांधलेलं असतं ते एकदा कागदावर मांडा. साठलेली हक्काची रजा. आजारपणाची पगारी रजा. ती संपली की अर्धपगारी किंवा बिनपगारी रजा, पण हजेरीपटावर नाव कायम. गट आरोग्य विमा. बऱ्याच ठिकाणी गट जीवन विमाही असतो आणि तो कामगाराला माहीतही नसतो. दीर्घकाळ काम करता आलं नाही तर मिळणारा अपंगत्वाचा लाभ. यातलं एकेक राजीनाम्याच्या सहीनं जातं आणि बहुतेक परत येत नाही.

आजारी माणसाची कमाई एकदम बंद पडू नये, हा विचार दयेतून आलेला नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५२ च्या १०२ क्रमांकाच्या करारात आजारपणाचा भत्ता आधीच्या कमाईच्या किमान ४५ टक्के असावा आणि निदान २६ आठवडे मिळावा, असं घातलेलं आहे. १९६९ च्या १३० क्रमांकाच्या करारानं ती मर्यादा ६० टक्के आणि ५२ आठवड्यांवर नेली. सगळ्या देशांनी हे करार स्वीकारलेले नाहीत, आणि स्वीकारले तिथंही प्रत्येक नोकरी त्यात येत नाही. पण तुमच्या पतींच्या नोकरीला काय लागू आहे हे विचारताना मान खाली घालण्याचं काहीच कारण नाही.

ते विचारायचं लेखी. मनुष्यबळ विभागाला चार ओळींचं पत्र पुरे: गंभीर आजाराचं निदान झालं आहे, अमुक तारखेला शस्त्रक्रिया आहे, माझी शिल्लक रजा किती, आजारपणाच्या रजेचा नियम काय, रजेच्या काळात गट विमा चालू राहतो का, आणि बिनपगारी रजेत विम्याचा हप्ता कुणी भरायचा. हा शेवटचा प्रश्न लोक हमखास विसरतात. पगारच नाही, त्यामुळे पगारातून कापला जाणारा हप्ता कापला जात नाही, आणि विमा गुपचूप बंद पडतो. आजाराचे सगळे तपशील कामावर सांगायची गरज नसते. रजेपुरतं आणि विम्यापुरतं लागेल तेवढं सांगितलं की झालं.

पती केमोच्या काळात थोडंफार काम करू शकतील का, हे आज ठरवू नका. या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर दिली जाणारी केमो पुष्कळदा दर दोन आठवड्यांनी एक, अशा बारा सायकलची (औषधाच्या फेऱ्यांची) असते, म्हणजे साधारण सहा महिने; काही रुग्णांना तीन महिन्यांचा उपचार पुरतो. औषध चढवल्यानंतरचे काही दिवस माणूस अगदी गळून जातो, पुढच्या सायकलच्या आधीचे दिवस बरे जातात. एक-दोन सायकल झाल्या की हा चढ-उतार तुमचा तुम्हालाच कळेल आणि कामाचं बोलणं त्यानुसार करता येईल: आठवड्याआड काम, घरून काम, कमी तास. ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध असेल तर बोटांना मुंग्या येतात, थंड वस्तूला हात लावला की झिणझिण्या उठतात. माझ्या एका रुग्णाला दिवसभर संगणकावर आकडे भरायचं काम होतं आणि त्याला शर्टाचं बटणसुद्धा लावता येईना. साहेबांना हे कळल्यावर त्यांनी त्याला चार महिने फोनवरचं काम दिलं. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या करारात अशा सोयीला "वाजवी तजवीज" म्हटलं आहे, आणि बऱ्याच देशांच्या कायद्यांत ती कल्पना आलेली आहे. तेव्हा अशी सोय मागताना "उपकार करा" या सुरात बोलू नका.

आता खर्च. डॉक्टरांकडून अंदाजपत्रक घ्याल तेव्हा नीट पाहा, त्यावर बहुधा फक्त शस्त्रक्रियेचा आकडा असतो. तुम्हाला हवं आहे पूर्ण उपचाराचं अंदाजपत्रक. अगदी नेमकं ते शस्त्रक्रियेनंतरच मिळेल, कारण काढलेल्या गाठीचा आणि गाठींजवळच्या ग्रंथींचा पॅथॉलॉजी अहवाल आल्याशिवाय पुढची केमो किती हे ठरत नाही. तरीही आजच विचारा: कमीत कमी काय होईल आणि जास्तीत जास्त काय? त्या दोन टोकांमध्ये बेत आखायचा. शिवाय जे अंदाजपत्रकात कधीच नसतं ते स्वतः लिहून काढा. प्रत्येक सायकलच्या आधीच्या रक्ततपासण्या, अधूनमधून होणारे स्कॅन, केमोसाठी छातीत कातडीखाली बसवायचा पोर्ट (औषध चढवायची छोटी डबी), उलटी थांबवण्याची औषधं, पांढऱ्या पेशी वाढवण्याची इंजेक्शनं, येण्याजाण्याचा खर्च, तुमची बुडालेली मजुरी. आतड्याच्या शस्त्रक्रियेत काही जणांना पोटावर स्टोमा, म्हणजे शौच बाहेर पडायला केलेलं तोंड, ठेवावा लागतो, कधी काही महिन्यांपुरता, कधी कायमचा. त्याच्या पिशव्या लागतच राहतात आणि पुष्कळ ठिकाणी त्या विम्यात बसत नाहीत. स्टोमाची शक्यता किती, हे शस्त्रक्रियेच्या आधी विचारून ठेवा. पैशासाठीही विचारा आणि पतींच्या मनाच्या तयारीसाठीही.

डॉक्टरांशी पैशाचं बोलायला लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. पण ते बोलणं उपचाराचाच भाग आहे. अमेरिकेत २०१३ मध्ये दोन डॉक्टरांनी या त्रासाला "आर्थिक विषबाधा" म्हणता येईल असं नाव दिलं, म्हणजे औषधाच्या दुष्परिणामांसारखाच खर्चाचा दुष्परिणाम. २०१६ साली तिथल्या वॉशिंग्टन राज्यातल्या कर्करुग्णांच्या अभ्यासात दिवाळं निघालेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाणही जास्त आढळलं. याचा अर्थ मला माझ्या टेबलावर रोज दिसतो: पैसे संपले की माणूस सायकल पुढे ढकलतो, गोळ्या एकाआड एक घेतो, आणि डॉक्टरांना सांगत नाही. तसं करायची वेळ आली तर आधी डॉक्टरांना सांगा. बहुतेक वेळा काहीतरी मार्ग असतो. या आजाराची मुख्य केमो औषधं, फ्लुरोयुरॅसिल, कॅपेसिटॅबिन, ऑक्सॅलिप्लॅटिन, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. जुनी औषधं आहेत, अनेक कंपन्या बनवतात. "यात जेनेरिक चालेल का?" हा प्रश्न अगदी सरळ आहे आणि चांगला डॉक्टर त्याचं सरळ उत्तर देतो.

विम्याचे कागद शोधायला बसाल तेव्हा दोन वेगळ्या जातींचे कागद निघू शकतात. एक रुग्णालयाचं बिल भरणारा. दुसरा निदान झाल्याबरोबर ठरलेली रक्कम एकदम देणारा, गंभीर आजार विमा. हा दुसरा प्रकार एका शल्यचिकित्सकाच्या डोक्यातून आला. मारियस बर्नार्ड, दक्षिण आफ्रिकेचे. १९६७ मध्ये केपटाउनला माणसावरचं पहिलं हृदयरोपण त्यांचे भाऊ ख्रिस्तियान यांनी केलं, त्या चमूत मारियसही होते. शस्त्रक्रियेनं वाचवलेली माणसं पुढे पैशाच्या चिंतेनं खचताना त्यांनी पाहिली, आणि १९८३ मध्ये असा विमा बाजारात आणायला लावला. सुरुवातीला त्यात चारच गोष्टी होत्या: हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, कर्करोग आणि बायपास शस्त्रक्रिया. या विम्याचा पैसा बिलासाठीच खर्च करावा असं बंधन बहुधा नसतं. हप्ते, मुलांची फी, प्रवास, कशालाही चालतो. बऱ्याच लोकांनी तो जीवन विम्याला जोडून घेतलेला असतो आणि विसरलेला असतो. म्हणून जीवन विम्याची पॉलिसीसुद्धा शेवटच्या पानापर्यंत वाचा. त्यात "हप्ता माफी"ची सोय असेल तर ठरावीक आजारानंतर पुढचे हप्ते भरावे लागत नाहीत. नसेल, तर काहीही होवो, ते हप्ते भरत राहा. आजारपणात पहिली काटकसर लोक विम्याच्या हप्त्यावर करतात, आणि ती सगळ्यात महागात पडते.

गंभीर आजार विम्याच्या पॉलिसीत चार गोष्टी शोधा: सुरुवातीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे ज्यात दावा मिळत नाही तो काळ, संपला आहे का, कर्करोगाची व्याख्या काय दिली आहे (अगदी प्राथमिक अवस्थेतला, न पसरलेला कर्करोग काही पॉलिसी धरत नाहीत), निदानानंतर किती दिवस रुग्ण हयात असण्याची अट आहे (बहुधा १४ ते ३० दिवस), आणि दावा किती दिवसांत कळवायचा. दावा कळवायला उशीर करू नका. कागद अपुरे असले तरी कळवा, बाकीचे मागाहून देता येतात.

आणि केसपेपर वाचा. हे मी हात जोडून सांगते. एका बाईंचा दावा नाकारला गेला, कारण पहिल्या तपासणीच्या कागदावर "पोटदुखी, ३ वर्षे" असं होतं आणि त्यांची पॉलिसी दोन वर्षांची. म्हणजे आजार पॉलिसीच्या आधीचा, असं विमा कंपनीनं धरलं. बाईंनी सांगितलं होतं तीन आठवडे. गर्दीच्या दुपारी, घाईत, कुणाच्या तरी हातून तो एक शब्द चुकला. तो दुरुस्त करून घ्यायला, डॉक्टरांचं पत्र मिळवायला आणि दावा पुन्हा उघडायला चार महिने गेले. तेव्हा टेबलावरून उठण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या: नाव ओळखपत्रावर आहे तसंच आहे का, वय बरोबर आहे का, आणि त्रास कधीपासून हे तुम्ही सांगितलं तसंच उतरलं आहे का. चूक तिथल्या तिथे दुरुस्त करायला एक मिनिट लागतं.

कागदांसाठी एक फाईल करा. तारखेप्रमाणे लावा, मूळ प्रत रुग्णालयाबाहेर कुणालाही देऊ नका, प्रत्येक कागदाचा फोनमध्ये फोटो ठेवा. बायोप्सीचा अहवाल सगळ्यात वर. मदत असो, दावा असो की दुसऱ्या डॉक्टरांचं मत, पहिला मागितला जातो तोच.

रुग्णालयात माझ्यासारखी कुणी आहे का ते शोधा. समाजसेवा विभाग बहुतेक मोठ्या रुग्णालयांत असतो, फक्त पाटी कोपऱ्यात असते. या कामाची सुरुवात १८९५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात मेरी स्ट्युअर्ट यांच्या नेमणुकीनं झाली. तेव्हा त्यांचं मुख्य काम होतं फुकट उपचाराला कोण पात्र आणि कोण नाही हे पाहणं. आज आमचं काम उलट दिशेचं आहे, पात्र असूनही जो दारातून परत जाईल त्याला थांबवणं. शासकीय योजना, धर्मादाय न्यास, औषध कंपन्यांचे सवलतीचे कार्यक्रम, रुग्णालयाचा स्वतःचा निधी, यातलं तुमच्या पतींना काय लागू पडतं हे त्या विभागाला माहीत असतं. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: बहुतेक न्यास भरून झालेल्या बिलावर मदत देत नाहीत. त्यांना अंदाजपत्रक लागतं आणि ते पैसे थेट रुग्णालयाला देतात. म्हणजे अर्ज पैसे भरण्याच्या आधी. "आधी आपले संपू देत, मग मागू" असं स्वाभिमानी लोक म्हणतात, आणि मग मागायची वेळ निघून गेलेली असते.

लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर पूर्ण अंदाजपत्रक हातात आल्यावर, एकदाच करा. दोनदा हाक मारली तर दुसऱ्यांदा कमी लोक येतात. आणि तुमच्या पतींची संमती घेऊनच, कारण फोटो आणि आजार एकदा लोकांपुढे गेला की मागे घेता येत नाही. "खात्रीनं बरा करतो, केमो बंद करा" म्हणणारा कुणी भेटेलच. त्याच्याकडे एक पैसाही नको, एक दिवसही नको.

बँकेचं काम पती रुग्णालयात भरती होण्याआधी उरका. कोणत्या खात्यातून कुठला हप्ता जातो, ऑनलाइन व्यवहार कुणाच्या फोनवर येतात, कुलूपबंद काय आहे आणि किल्ली कुठे, हे दोघांनी बसून एका वहीत लिहा. निदान एक खातं तरी दोघांच्या नावावर, कुणाही एकाच्या सहीनं चालणारं असावं. मुखत्यारपत्र करणार असाल तर वकिलांना नेमकं विचारा की पती बेशुद्ध असताना किंवा त्यांना निर्णय घेता येत नसताना ते चालेल का. साधं मुखत्यारपत्र अशा वेळी पुष्कळ देशांत निकामी होतं. मृत्युपत्राचा विषय काढणं अशुभ वाटतं, पण शस्त्रक्रियेच्या आधी ते करून गेलेली माणसं मी हलक्या मनानं आत जाताना पाहिली आहेत. आणि हे सगळं पतींना बरोबर घेऊन करा. पैशाची चिंता नको म्हणून त्यांच्यापासून लपवलं, तर सही त्यांचीच लागते तेव्हा ते उघड होतं, आणि फार वाईट रीतीनं होतं.

तुमची नोकरी अर्धवेळ असली तरी सोडू नका. घरात एक तरी नियमित पैसा येत राहिला पाहिजे, आणि दिवसातले चार तास रुग्णालयाबाहेर गेले तर तुम्हीही टिकाल. त्यासाठी माणसं लागतील. "काही लागलं तर सांगा" असं प्रत्येक जण म्हणतो आणि मनापासून म्हणतो, पण काय लागतं ते त्यांना कळत नाही आणि तुम्हाला सुचत नाही. म्हणून कामं नावानिशी वाटून द्या. मंगळवारी मुलांना शाळेतून कोण आणेल, केमोच्या दिवशी सोबत कोण बसेल, रात्रीचं जेवण कोण पाठवेल. आणि एका माणसाला निरोप्या करा. तब्येतीची चौकशी त्याच्याकडे, अहवाल काय आला हे तोच सगळ्यांना कळवील. एकच गोष्ट वीस जणांना फोनवर सांगत बसलेल्या बायका मी पाहते, त्या आजारापेक्षा त्या फोननं जास्त थकतात. मुलांना खरं सांगा, त्यांच्या वयाला झेपेल इतकं; त्यांना ते दारामागून कळतंच.

आता दिरांचं. त्यांची तळमळ खरी आहे, सल्ला मात्र चुकीच्या वेळचा आहे. पैसा काढायचा क्रम असा: आधी विमा आणि पगारी रजा, मग योजना आणि न्यास, मग बँकेकडून हप्त्यांना मुदत. ही मुदत पहिला हप्ता चुकण्याआधी मागायची. चुकल्यानंतर तुम्ही थकबाकीदार ठरता आणि बोलणं अवघड होतं. मग बचत आणि ठेवी. निवृत्तीचा निधी त्याच्याही नंतर. घर सगळ्यात शेवटी. घाईत विकलेल्या घराला भाव येत नाही, आणि दुसऱ्या महिन्यापासून भाडं सुरू होतं, तेही पगार कमी झालेला असताना. याहून मोठं कारण कर्जाच्या फाईलमध्ये असू शकतं. गृहकर्ज देताना बँका पुष्कळदा कर्जाला जोडून विमा घ्यायला लावतात. त्याचा हप्ता सुरुवातीलाच कर्जात मिळवलेला असतो, म्हणून तो कुणाच्या लक्षात राहत नाही. असा काही विमा गंभीर आजाराच्या निदानानंतरही कर्ज किंवा काही हप्ते भरतो. घर विकून कर्ज फेडलंत तर तो हक्कही संपू शकतो. तेव्हा दिरांना घराच्या दलालाकडे पाठवू नका. त्यांना उद्या सकाळी बँकेत पाठवा, कर्जाच्या कागदांची पूर्ण प्रत मागायला, आणि "कर्जासोबत विमा आहे का" हे लेखी विचारून यायला.